हाफबॅकचा टप्पा

अण्णा, तुम्हाला फुटबॉल कधी आवडला नाही. आपल्या शाळेच्या मैदानावर पोरं चेंडूमागे झुंडीने धावायची, तेव्हा तुम्ही कुंपणापाशी सायकल धरून उभे राहायचात आणि ओरडायचात, "अरे, सगळे एकाच जागी काय करताय? बाकीचं मैदान काय गुरांना सोडलंय?" पोरं हसायची आणि पुन्हा तशीच झुंडीने धावायची. परवा विनिपेगमधल्या एका शाळेच्या मैदानावर, लोखंडी बाकावर ब्लँकेट गुंडाळून बसले असताना मला ते वाक्य आठवलं. तेव्हापासून तुमच्याशी काहीतरी बोलायचं राहून गेलंय असं सारखं वाटतंय.

इथे ज्याला फुटबॉल म्हणतात तो वेगळाच प्रकार आहे. चेंडू न सोललेल्या नारळासारखा, दोन्हीकडून टोकदार, आणि तो पायापेक्षा हातानेच जास्त खेळायचा. पोरांच्या डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर गाद्या. पाच-सात सेकंद खेळ होतो, मग शिट्टी, मग सगळे गोल करून कुजबुजतात, मग पुन्हा पाच-सात सेकंद. एका बाजूचा एक गडी, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात, चेंडू हातात घेऊन मागे सरकतो आणि पुढे पळत गेलेल्या आपल्या गड्यांपैकी एकाकडे फेकतो. हे पळणारे म्हणजे रिसीव्हर. त्यांच्या हाती चेंडू लागू द्यायचा नाही, हे दुसऱ्या बाजूचं काम. तुमचा नातू या दुसऱ्या बाजूला असतो. त्याच्या जागेचं नाव हाफबॅक. तुम्ही गेलात तेव्हा तो जन्मलाही नव्हता, आणि आता तो दारातून आत येताना मान जरा वाकवतो, तुम्ही वाकवायचात तशी.

तीन वर्षं मी त्याचे सामने बघत होते आणि मला काहीही कळत नव्हतं. वर्तमानपत्राच्या डेस्कवर मी वाढले. एखादी गोष्ट दोन सोप्या वाक्यांत लिहिता येत नसेल तर ती आपल्याला कळलेली नाही, एवढं तिथे पक्कं शिकले होते. पण माझा मुलगा मैदानावर काय करतो, हे कुणी विचारलं असतं तर माझ्याकडे एकही वाक्य नव्हतं. तो बाहेर कधी आला, आत कधी गेला, पडला तर उठला का, एवढंच मी बघायचे. बाकीची अकरा पोरं म्हणजे त्याच्याभोवतीची गर्दी.

मग ऑक्टोबरातला तो सामना झाला. कॅनडाला दीडशे वर्षं झाली म्हणून उन्हाळ्यात कुंपणाला लावलेल्या पताका अजून तिथेच होत्या, वाऱ्याने चिंध्या झालेल्या. सामना अटीतटीचा. समोरचा एक रिसीव्हर सरळ आत घुसला आणि आपला पोरगा त्याच्या खांद्याला खांदा लावून पळू लागला. छान पळत होता. आणि एकाएकी, अण्णा, तो थांबला. हात वर केला, काहीतरी ओरडला आणि वळून उलट दिशेने चार पावलं आला. रिसीव्हर एकटाच पुढे गेला, चेंडू अलगद त्याच्या हातात पडला, आणि समोरच्या बाकांवर ढोल वाजायला लागले.

आमच्या मागे लाल जॅकेटवाला एक माणूस बसतो. कुणाचा तरी बाप, आवाज रेल्वेच्या भोंग्यासारखा. तो म्हणाला, "ट्वेंटी-वन जस्ट क्विट ऑन हिम! ही जस्ट क्विट!" एकवीस म्हणजे आमच्या पोराच्या जर्सीचा आकडा. त्याची बायको हळूच म्हणाली, "श्श. द मदर." मग त्या बाईंनी मला थर्मासमधली कॉफी देऊ केली. मी घेतली, कारण नाही म्हणायला तोंड फिरवावं लागलं असतं.

त्या माणसाचा राग आला नाही. मलाही तेच दिसलं होतं. आमच्या घरात त्याच्याबद्दलचा एक शब्द ठरून गेला आहे: सोडतो. तबला घेतला, सोडला. स्केटिंग घेतलं, सोडलं. देवळाच्या बेसमेंटमध्ये रविवारी मराठीचा वर्ग भरतो, तिथे तो 'ळ' पर्यंत आला आणि सोडला. फुटबॉल तेवढा टिकला होता, आणि मला वाटत होतं की निदान इथे तरी हा मुलगा धरून राहतो. पुढच्या वर्षी त्याला हॅलिफॅक्सला जायचंय, समुद्राचा अभ्यास करायला. विनिपेगच्या पोराला समुद्र कुठून सुचला ते देव जाणे. माझा नवरा म्हणतो, "जाऊ दे, वर्षभरात तेही सोडेल." मी दरवेळी त्याच्याशी भांडते. त्या दिवशी बाकावर बसून पहिल्यांदा वाटलं, की तो म्हणतो ते खरं असेल तर?

गाडीत हीटर लावल्यावर नवऱ्याने विचारलंच.

"दमला होतास का रे?"

"नो."

"पाय मुरगळला?"

"नो, बाबा."

"मग थांबलास का?"

"इट वॉज झोन."

"म्हणजे?"

"फरगेट इट."

आणि त्याने कानात इअरफोनची बोंडं घातली. घरी येऊन मी फोनवर झोन डिफेन्स शोधलं. ज्याला आधीच कळलंय त्यालाच कळेल अशा भाषेत पानंच्या पानं लिहिलेली. नवऱ्याने चष्मा कपाळावर ढकलून दोन परिच्छेद वाचले आणि निकाल दिला, "सोपं आहे. फिल्डिंग आहे ही. पॉइंटला उभा असलेला माणूस काय बॅट्समनच्या मागे पळतो? आपली जागा राखतो." मी म्हटलं, "पण फिल्डर चेंडूमागे तरी पळतो ना? हा तर पळता पळता थांबला." तो म्हणाला, "हां, ते मात्र आहे," आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. दोन दिवस घरात या विषयावर कुणी बोललं नाही. मुलाचा एक मित्र आहे, फिलिपिनो कुटुंबातला, त्याच टीममध्ये सेफ्टी खेळतो, म्हणजे सगळ्यांच्या मागे मधोमध उभा असतो तो. एरवी तो सामन्यानंतर हमखास आमच्याकडे जेवायला असतो. मला आंटी म्हणतो आणि आमटी वाटीने पितो. तो आला नाही. मला वाटलं, तोही रागावला असेल आमच्यावर.

रविवारी सकाळी मी पोहे करत होते. मसाल्याचा डबा ओट्यावर उघडा होता. मुलगा उठून आला, काउंटरशी उभा राहिला आणि शेंगदाणे तोंडात टाकू लागला. मी पाठमोरीच विचारलं, "झोन म्हणजे काय, ते मला सांग. फोनवरचं मला कळलं नाही." मग डब्यातल्या वाट्या एकेक करून काढल्याचा आवाज आला.

"ओके, लुक. हळद इज मी."

"तूच का हळद?"

"बिकॉज आय गेट ऑन एव्हरीवन अँड आय डोंट कम ऑफ." तो हसला. दोन दिवसांत पहिल्यांदाच. "जिरं सेफ्टी. मोहरी आणि तिखट कॉर्नर्स. अँड दीज आर रिसीव्हर्स." कॉर्नर म्हणजे दोन्ही कडांना उभे राहणारे, आणि रिसीव्हर म्हणजे शेंगदाणे. त्याने ते ओट्याच्या कडेला ओळीत लावले.

मग त्याने जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते, कारण त्याच्या इंग्रजी-मराठीचं मिश्रण तुम्हाला पचलं नसतं. राखण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत प्रत्येकाला एकेक माणूस वाटून दिलेला असतो. तो जिथे जाईल तिथे आपण जायचं. ही रीत कुणालाही समजते. पण इथल्या नियमात रिसीव्हरला खेळ सुरू व्हायच्या आधीच धावत यायची मुभा आहे, आणि मैदान अमेरिकेतल्यापेक्षा रुंद आहे. तो वेगात आलेला असतो, तुम्ही उभे असता. त्याच्या मागे लागलात तर पाठलागच करत राहता, आणि पाठ चेंडूकडे. म्हणून दुसरी रीत. माणसं वाटून घ्यायची नाहीत, जमीन वाटून घ्यायची. तोंड क्वार्टरबॅककडे, त्याचे डोळे कुठे बघताहेत तिकडे लक्ष. आपल्या जागेत जो येईल तो आपला. तो आपल्या जागेतून बाहेर गेला की आपला राहिला नाही.

"मग तुझ्या टप्प्यातून बाहेर गेलेल्या शेंगदाण्याचं काय?" मी विचारलं. टप्पा हा शब्द माझ्या तोंडून कसा आला, ते तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही.

"यू पास हिम ऑफ. यू येल, सो द नेक्स्ट गाय नोज ही'ज कमिंग. अँड देन यू लेट गो."

"आणि तू ओरडलास आणि कुणी ऐकलंच नाही तर?"

"देन ही'ज ओपन."

"मग सोडायचंच कशाला? थोडं पुढे जायचं त्याच्याबरोबर."

त्याने दुसरा शेंगदाणा उचलला आणि हळदीच्या वाटीसमोर, मोकळ्या जागेत ठेवला. "बिकॉज ऑफ धिस गाय. बघ. मी पहिल्याबरोबर गेलो की हा येतो. ही'ज कमिंग इन्टू माय एरिया, अँड आय एम नॉट देअर."

पोह्यांवर झाकण घालायचं राहिलं होतं ते घातलं. मग त्याने लॅपटॉप आणला. कोच प्रत्येक सामना शिडीवरच्या उंच कॅमेऱ्यातून घेतात आणि पोरांना पाठवतात. वरून पाहिलं की पोरांचे चेहरे दिसत नाहीत. सगळं मैदान मात्र दिसतं, कोण कुठे आहे आणि कुठे कुणीच नाही ते. त्याने तो खेळ लावला. रिसीव्हर आत घुसला, आपला त्याच्या खांद्याला, मग हात वर, मग ओरडणं. आणि तेव्हाच, मी बाकावरून जे पाहिलंच नव्हतं ते दिसलं. खालच्या बाजूने दुसरा रिसीव्हर वळून त्या मोकळ्या जागेत येत होता. हा परत फिरला तो त्याच्यासाठी. क्वार्टरबॅकने आधी त्या दुसऱ्याकडेच पाहिलं होतं. तिथे हा उभा ठाकलेला दिसला, म्हणून त्याने चेंडू लांब फेकला, पहिल्याकडे. आणि पहिल्याच्या वाटेत, मधोमध, जिथे जिऱ्याची वाटी असायला हवी होती, तिथे नुसतं गवत होतं.

"आणि जिरं कुठं होतं?" मी विचारलं.

त्याने लॅपटॉप मिटला. "डझंट मॅटर. वी गेव्ह इट अप. ऑल ऑफ अस." आणि तो पहिला शेंगदाणा उचलून खाऊन टाकला.

"पण ते मागचे लोक तुझं नाव घेत होते."

"दे डोंट नो द कव्हरेज, आई. कुणी काय राखायचं ते." मग तो माझ्याकडे बघत राहिला. "वेट. यू थॉट आय क्विट?"

मी चहा गाळत होते. खोटं बोलता आलं असतं. "हो," म्हटलं.

त्याने थोडा विचार केला. "फेअर इनफ. इट लुक्स लाइक दॅट." आणि ताटली पुढे केली. "अजून लिंबू आहे का?"

अण्णा, टप्पा हा तुमचा शब्द. लोकांच्या लग्नामुंजीत तुम्ही पंगती सांभाळायचात. दिवसभर पाटबंधारे खात्यात कारकुनी आणि सुट्टीला कुणाच्या ना कुणाच्या मांडवात, खांद्यावर पंचा टाकून, पंगतीच्या टोकाला. तुमच्या हातात कधी भांडं नसायचं. पहिली फेरी सगळीकडे होते तशीच व्हायची: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, एकेकाने एकेक पदार्थ घेऊन सगळ्या पंगतीतून जायचं. पण दुसऱ्या फेरीपासून तुमची रीत निराळी. प्रत्येक वाढप्याला तुम्ही पंगतीचा एक तुकडा नेमून द्यायचात. या खांबापासून त्या खांबापर्यंत तुझा टप्पा. त्यात कुणाला काय हवं ते तू बघायचं. पलीकडून हाक आली तर धावायचं नाही, तिकडच्याला ओरडून सांगायचं. "खाली मठ्ठा!" "वर भात!" तुमच्या पंगतीत फार आरडाओरडा असतो अशी लोक तक्रार करायचे. काही नव्या वाढप्यांना ते पटायचं नाही. घरचा पाहुणा पलीकडच्या टप्प्यात बसलेला असे, आणि आपण त्याला आग्रह न करता आपल्या खांबाशी उभं राहायचं म्हणजे काय? तुम्ही म्हणायचात, "आग्रह कर, पण एका पानावर मुक्काम नको."

मी कॉलेजात असताना तुम्ही मलाही टप्पा दिलात. मुलगी वाढायला आली म्हणून दोन म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, ती तुम्हाला दिसली नाहीत असं तुम्ही दाखवलंत. त्याच मुंजीत आमच्या मराठीच्या बाई पलीकडच्या पंगतीत बसल्या होत्या. त्यांनी मला हाक मारली आणि मी जिलब्यांचं ताट घेऊन धावत गेले. बाई खूश, मी खूश. नंतर पाण्याच्या पिंपाशी तुम्ही मला गाठलंत. आवाज चढवला नाहीत. "बाईंना वाढलंस, बरं केलंस. आता सांग, तुझ्या टप्प्यातल्या शेवटच्या पानावर कोण बसलं होतं?" मला आठवेना. "मलाही नाव माहीत नाही," तुम्ही म्हणालात. "जिलबीविना उठला. हाक मारली नाही त्याने. हाक मारणाऱ्याकडे कुणीही जातं गं." एवढंच. मग तुम्ही पिंपातून पाण्याचा तांब्या भरून मला दिलात, आणि मी तो घटाघट प्यायले, म्हणजे बोलावं लागू नये.

रविवारी पोह्यांची ताटली घेऊन मी मुलाला हे सगळं सांगितलं. पंगत म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली. त्याने जमिनीवर बसलेली माणसं, पळसाची पानं, पलीकडून येणाऱ्या हाका, सगळं डोळे मोठे करून ऐकलं आणि विचारलं, "सो आजोबा रॅन अ झोन? विथ फूड?" मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "दॅट्स सिक." हे इथे कौतुकाने म्हणतात, अण्णा. घाबरू नका.

पुढच्या शनिवारी दाराची बेल वाजली. तो फिलिपिनो मित्र उभा, हातात आईने दिलेला लुंपियांचा डबा. लुंपिया म्हणजे त्यांचे लांबट तळलेले रोल. बूट न काढताच म्हणाला, "आंटी, दॅट टचडाउन वॉज मी. आय बिट ऑन द फेक. कोच शोड एव्हरीवन." टचडाउन म्हणजे त्या दिवशी समोरच्यांना मिळालेले ते गुण. क्वार्टरबॅकने दुसरीकडे चेंडू फेकायची हूल दिली होती आणि हा तिकडे धावला होता. मी म्हटलं, "माहीत आहे मला. आत ये, थंडी येतेय." तो चकित झाला. "ही टोल्ड यू?" आतून आमचा ओरडला, "आय टोल्ड हर नथिंग! शी स्टडीड फिल्म!" मग दोघांनी मिळून आमटीचं पातेलं रिकामं केलं, आणि मी आठवड्याभरात पहिल्यांदा स्वस्थ जेवले. माझा मुलगा सोडून देणारा नव्हता. त्याने हाक दिली होती आणि आपल्या टप्प्यावर परत आला होता. नवऱ्यालाही मी हे वाट्या मांडून समजावलं. तो म्हणाला, "मग फिल्डिंगपेक्षा अवघड आहे." त्याच्याकडून एवढंच मिळतं.

पण यामुळे एक जुना प्रश्न पुन्हा वर आला. इतक्या लोकांच्या पंगती तुम्ही अशा राखल्यात, आणि माझ्या लग्नात व्याह्यांच्या पंगतीत तिसऱ्या रांगेला मठ्ठाच मिळाला नाही. यांच्या आत्याबाई त्या रांगेत होत्या. त्यांनी ते अजून सोडलेलं नाही. गेल्या दिवाळीला व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "काय गं, ताक करतेस का तिकडं? तुमच्याकडचं ताक चांगलं असतं म्हणे. आम्ही आपलं ऐकून आहोत." नवरा मागे तोंडावर हात धरून हसत होता. त्या दिवशी मांडवात आत्याबाई सगळ्यांदेखत बोलल्या, तेव्हा तुम्ही हात जोडून "चुकलं" म्हणालात. कुणाचा टप्पा होता, कोण वाढपी कुठे गेला होता, एक अक्षर नाही. आई पुढे कितीतरी वर्षं म्हणायची, "गावाच्या पंगती राखल्या आणि पोरीच्या लग्नात शोभा झाली." तुम्ही पंचा झटकून बाहेर जायचात. मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, वधूपिता म्हणून हजार व्याप होते, झालं असेल.

नोव्हेंबर लागला आणि बाद फेरीचा सामना आला. हरले तर बारावीच्या पोरांचा हा शेवटचा. बर्फ भुरभुरत होतं. मी ठरवून सगळ्यात वरच्या बाकावर जाऊन बसले, शिडीवरच्या कॅमेऱ्यासारखं सगळं मैदान दिसावं म्हणून. नवऱ्याला सांगत होते, तो बघ, दोन्ही कॉर्नर मागे सरकले, जिरं मधोमध, म्हणजे झोन. लाल जॅकेटवाला दोन बाक खाली होता. समोरचा एक रिसीव्हर मोकळा दिसला तसा तो ओरडला, "हू'ज गॉट हिम? हू'ज गॉट हिम?" माझ्याने राहवलं नाही. मी वरून म्हटलं, "नोबडी'ज गॉट हिम. इट्स झोन!" त्याने मान वळवून वर पाहिलं. "यस, मॅम," म्हणाला. त्याची बायको एवढी हसली की कॉफी सांडली.

शेवटी आम्ही थोडक्या गुणांनी पुढे होतो आणि चेंडू त्यांच्याकडे. एकच खेळ उरलेला. माझे हात ब्लँकेटमध्ये घट्ट. पुन्हा तोच प्रकार झाला: रिसीव्हर आत घुसला, आपला त्याच्या खांद्याला, मग हात वर. तो ओरडला. काय ओरडला ते तेवढ्या लांबून ऐकू येणं शक्य नाही, तरी मला ऐकू आलं असं वाटलं. आणि त्याने सोडलं. वळला, चार पावलं परत आला, आणि आपल्या जागेवर गुडघे वाकवून उभा राहिला, हात पसरून. त्याच्या श्वासाची वाफ हेल्मेटच्या जाळीतून येताना दिसत होती. एकदम सगळे बाकांवर उभे राहिले, ढोल, शिट्ट्या, नवऱ्याने मला मिठीच मारली. "पाहिलंस? काय धरला त्याने! पाहिलंस ना?" खाली सगळी पोरं त्या फिलिपिनो मित्राच्या अंगावर पडली होती. चेंडू त्याच्या पोटाशी होता. मी म्हटलं, "पाहिलं."

पुढच्या आठवड्यात ते हरले, पण तो भाग निराळा. त्या दिवशी घरी येताना, गाडी लाल दिव्याशी थांबलेली असताना, मला माझ्या लग्नाची पंगत आठवली. मुंडावळ्या बांधलेल्या, मान खाली, समोर रांगोळी काढलेलं पान. लाजेने नव्हे, घास जात नव्हता म्हणून मान खाली. मग मध्येच मान वर केली की समोरच्या खांबाशी तुम्ही. खांद्यावर पंचा. पुन्हा वर बघावं तर पुन्हा तुम्ही, त्याच खांबाशी. वाढत नव्हता, बोलत नव्हता, कुणाला हाक देत नव्हता, नजर माझ्याच पानाकडे. मला तेव्हा वाटलं की व्याह्यांची पंगत म्हणून तुम्ही तिथे जातीने लक्ष देताय. पंगत उठेपर्यंत तुम्ही त्या खांबापासून हलला नाहीत, अण्णा. आणि तुमच्या पाठीशी मठ्ठ्याचं पिंप होतं, झाकलेलं. पलीकडून हाका आल्याच असतील. आत्याबाईंचा आवाज तर तुम्हाला माहीतच आहे. आठवड्याभराने माझं विमान होतं.

आत्याबाईंना फोन करून हे सांगावं, असं एकदा मनात आलं. सांगणार नाही. त्यांच्याजवळ तो टोमणा आहे तोवर तुमचं नाव दर दिवाळीला निघतं. हे लिहिलेलंही कुणाला दाखवायचं नाही, नवऱ्याला तर मुळीच नाही. तो अजून जेवताना म्हणतो, "कसला कॅच होता तो," आणि मी हो म्हणते. झोन म्हणजे काय हे मी आता कुणालाही दोन वाक्यांत लिहून देईन. पण त्या शेवटच्या खेळात, सगळ्यात वरच्या बाकावर बसून, मी सगळा वेळ एकाच पोराकडे बघत होते. चेंडू कुठून आला, कुठे गेला, मला दिसलंच नाही.